मथुरामायची चिंधी

मथुरामायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीतून गुडघाभर वर आलेल्या एका लोखंडी पाइपाच्या तोंडाशी गाल लावून उकिडवी बसली होती. सकाळचे सात वाजले असतील. डोळे मिटलेले, बोटावरची मिश्री तशीच. सुलतानपूरच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत मी नुकतीच बदलून आले होते, आणि या बाईच्या घरात एक खोली भाड्यानं मिळेल असं कळलं होतं. "खोली आहे का?" मी दोनदा विचारलं. तिनं पंजा वर करून मला गप्प केलं. सुईण पोटाला कान लावते तशी आणखी थोडा वेळ बसली आणि मग उठून म्हणाली, "हाये खोली. पन सामान आज आनू नका. भिजन."

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी विज्ञान शिकवणारी बाई. अशा बोलण्यावर सामान अडवणाऱ्यांतली मी नव्हे. टेम्पो नाल्यापर्यंत पोचला आणि असा पाऊस आला की माझ्या दोन्ही गाद्यांतून पाणी पिळून काढावं लागलं. त्या वाळायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मथुरामाय एकदाही "मी सांगतलं होतं" म्हणाली नाही. रोज सकाळी माझ्याबरोबर गाद्या उलटायला मात्र यायची, आणि गालातल्या गालात हसायची.

तो पाइप म्हणजे तिच्या नवऱ्यानं फार वर्षांपूर्वी घेतलेला बोअर. खाली नुसता फुफाटा निघाला, पाण्याचा टिपूस नाही. नवरा पुढे आजारानं गेला. दुसऱ्या कुणी त्यावर दगड ठेवून विषय संपवला असता. मथुरामायनं पाइपाच्या काठाला तारेनं एक चिंधी बांधली होती, जुन्या लुगड्याची, वीतभर लांब. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला ती चिंधी पाहून यायची. तिचं घड्याळ, पंचांग, पेपर, सगळं त्या चिंधीत.

बाई साठी उलटलेली, काटक, उन्हानं रापलेली. वांगी-मेथीचा छोटा तुकडा कसायची. बोलायला फटकळ. पाय दुमडून निवांत बसलेली मी तिला फारशी पाहिली नाही; भाजी निवडतानाही एक गुडघा उभा, उठायच्या तयारीत. भांडी घासताना भांड्यांशी बोलायची, माणसांशी बोलताना मात्र शब्द मोजून. मी मूळची वडनेर भोलजीची, म्हणजे याच जिल्ह्यातली, तरी तिला मी परमुलखातलीच वाटायचे. "तुमच्या तिकडे पानी पूर्ना नदीचं, इकडं पानी कपाळाचं," असं ती म्हणायची.

चिंधीचं खरं रूप मी पाहिलं ते दसऱ्याच्या आधी. रविवारची दुपार. कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं. दोरीवरचे कपडे सुतकात बसल्यासारखे लटकले होते. मी पाणी प्यायला बाहेर आले आणि नजर पाइपाकडे गेली. चिंधी उभी होती. हलत नव्हती, फडफडत नव्हती. टोक आभाळाकडे करून ताठ उभी होती, खालून कुणी बोटानं वर ढकलून धरल्यासारखी. जवळ गेले तर पाइपातून गार हवा येत होती. तिला वास होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचा असतो तसा. आणि एक बारीक आवाज, अगदी खालच्या पट्टीतला. मी दोन पावलं मागे सरले, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

मागून मथुरामाय आली. "भेल्या का बाई?"

मी लगेच शिक्षिका झाले. सांगितलं की जमिनीखाली खडकाला भेगा असतात, त्यांत हवा असते. वरचा हवेचा दाब कमी झाला की ती बाहेर येते, आणि दाब कमी झाला की वादळपाऊस येतो. तिनं सगळं मन लावून ऐकलं. म्हणाली, "म्हंजे तुमच्या पुस्तकातबी हाये हे. मंग काऊन भेता?"

मी तांब्या घेऊन पाणी प्यायला वळले. 

त्या दिवशी ती बांधाबांधानं गेली आणि कापून ठेवलेलं सोयाबीन झाकायला सांगून आली. पाऊस येईल असं ती कधी म्हणायची नाही. "मी काय आभाळातली हाये का? मले फक्त खालचं मालूम." कुणी त्या पाइपासमोर हात जोडलेच तर खेकसायची, "देव नाही तो. भोक हाये."

उलटा प्रकार मी माघात पाहिला. अवकाळी पावसाचे दोन दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मला बरं वाटलं. मथुरामायनं मला हाताला धरून पाइपाशी नेलं. चिंधी दिसेना. तारेला नुसती गाठ, बाकीचं कापड आत ओढलं गेलेलं. "पंजा ठेवा," ती म्हणाली. मी पंजा पाइपावर ठेवला आणि खालून कुणीतरी तो धरला. दुसरा शब्द मला सापडत नाही. तळव्याची कातडी आत ओढली जात होती, हळू, न थांबता. मी हात झटकून मागे झाले तेव्हा तळव्यावर गोल वळ उमटला होता.

"आता थंडी येते," ती म्हणाली. "वर सोडते तवा पानी, आत घेते तवा थंडी. रातच्याले कडाक्याची पडनार." तिनं संध्याकाळच्या आत शेजाऱ्यापाजाऱ्यांना टमाट्याला पाणी द्यायला लावलं, बांधावर काडीकचऱ्याचा धूर करायला लावला. दुसऱ्या सकाळी माझ्या खिडकीबाहेरच्या बादलीत पाण्यावर पापुद्रा धरला होता. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांची टमाटी उकडल्यासारखी काळी पडली होती.

तिला एकदा विचारलं, हे सगळं सुचलं कसं? मेथी निवडत होती. बराच वेळ तिनं नुसत्याच काड्या मोडल्या.

"मले नाही सुचलं. सुमनले सुचलं."

सुमन म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघी एका मांडवात लग्न होऊन आल्या, एका चुलीवर नांदल्या. एकदा पाइपाजवळ मिरच्या वाळत घालताना सुमनचा पदर आपोआप वर उचलला गेला. ती किंचाळली, मग हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिनंच आपल्या लुगड्याची चिंधी फाडून तिथं बांधली. खेळ म्हणून. दोघी येताजाता पाहायच्या, उभी आहे की पडलेली. चिंधी उभी राहिली की पाऊस येतो हेही दोघींच्या ध्यानात आलं होतं.

"वैशाखात एक डाव दोपारी चिंधी अशी उभी झाली, अशी उभी झाली, का आमी पोट धरधरून हासलो. सुमन म्हने, बाई, हे तं पोलीसावानी उभं झालं. मंग ते बकऱ्या आनाले गेली. मी जाऊ देल्ली." तिनं निवडलेली मेथी आणि काड्या एकत्र केल्या, तिच्या ध्यानातच आलं नाही. "ईज पडली. बकऱ्या वाचल्या. मी पाह्यलं होतं बाई. मले मालूम होतं. अन् मी हासत बसली."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता दिसलं अन् सांगतलं नाही, असं मले मरेलोक करता येत नाही." तिचा निवांत न बसणारा गुडघा मला त्या दिवशी कळला.

वस्तीवरच्या अकरा बायका बडे शेतकरी उत्तमराव यांच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जायच्या. क्रॉसिंग म्हणजे बियाण्याच्या मिरची-टमाट्याच्या फुलांना हातानं पराग लावायचा. बोटं नाजूक हवीत आणि मान मोडेपर्यंत वाकायची तयारी. शेडनेट म्हणजे लोखंडी पाइपांवर ताणलेली हिरवी जाळी. वादळ आलं की ती जाळी शिडासारखी फुगते आणि पाइप उपटते. माझ्या दुसऱ्या वर्षी मथुरामायनं त्या अकरा जणींना भर कामातून बाहेर काढलं आणि तासाभरात शेडनेटचं एक टोक उखडून शेजारच्या शेतात जाऊन पडलं. आत कुणी नव्हतं.

इथून सगळं बिघडलं. माणसं तिचं ऐकायला लागली असती तर ठीक होतं. पण माणसं बोअरलाच नवस बोलायला लागली. आधी वंदनानं, म्हणजे त्या अकरा जणींतल्या सगळ्यांत बोलक्या बाईनं, पाइपाला एक चिंधी बांधली, पोरीचं लग्न जमावं म्हणून. पोरीचं जमलं. मग काय! महिन्याभरात पाइपाला पन्नास चिंध्या. हळद, कुंकू, लिंबं, नारळ. मथुरामाय करवादायची, "अवं, एवढ्या चिंध्यांत माही कोन्ती ते कसं दिसन मले?" रोज पहाटे ती दुसऱ्यांचे नवस सोडून बाजूच्या झुडपाला बांधायची आणि रोज नवे यायचे.

तिची लेक पिंपळगाव राजाला दिलेली. लेकीच्या बाळंतपणासाठी ती पंधरा दिवस तिकडे गेली. जाताना मला म्हणाली, "चिंधीवर ध्यान ठेवजा."

मी ठेवलं. आणि मी हेही पाहिलं की उत्तमरावांनी गवंडी आणला. पाइपाभोवती छान ओटा झाला, वर टाइल बसल्या. देव असा उघड्यावर कसा ठेवायचा, म्हणून नदीतून एक गोल दगड आणला, त्याला शेंदूर फासला, आणि तो पाइपाच्या तोंडावर सिमेंटनं पक्का बसवला. मी त्या पूजेला हजर होते. ज्याचा श्वास म्हणून तुम्ही पूजा करताय त्याचंच तोंड बुजवताय, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण बदली होऊन आलेली बाई, गावाच्या देवधर्मात कशाला पडा. मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता. ती गोष्ट मला अजून खाली जात नाही.

मथुरामाय परत आली, ओट्यासमोर उभी राहिली. उत्तमराव मोठ्या मानानं पुढे आले. "माय, पयलं नारळ तुह्या हातानं."

ती इतकंच म्हणाली, "तोंड बुजवलं तुमी त्याचं."

"माय, देवाले डोक्यावर काहीतरी पाह्यजेच ना."

ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. शेंदूर लागला होता. आता तो काढायचा म्हणजे गावाशी वैर. त्या रात्री तिनं माझ्याकडे चिंधीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फाल्गुन लागला. शनिवार होता, सकाळची शाळा. मी निघाले तेव्हा मथुरामाय रस्त्यात बायकांना अडवून उभी होती. "मले आज काही समजून नाही राह्यलं वं. नका जाऊ."

वंदना हसली. "समजत नाही म्हंजे काय माय? देव शांत हाये. तो शांत हाये म्हंजे सगळं बरं हाये." बायका डबे हलवत गेल्या. दगडाखाली दाबलेली शांतता त्यांना आशीर्वाद वाटत होती, आणि त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही.

मी साडेअकराला परतले तेव्हा ती ओट्यावर पालथी पडली होती, शेंदराच्या दगडाला गाल लावून. मला वाटलं, गेली. तिनं डोळे उघडले. "बाई, इथं कान लावा."

मी गुडघ्यांवर बसले. दगड तापलेला होता. कान लावला आणि आतून आवाज आला. तोंडात बोळा कोंबलेलं माणूस कण्हतं तसा, लांबलचक, श्वास न घेता.  हवेचा दाब, खडकाच्या भेगा, सगळं मला पाठ होतं, आणि त्यातल्या एकाही शब्दाचा त्या क्षणी उपयोग झाला नाही.

"आलं ना ऐकू?"

"आलं."

"मंग मी एकटीच येडी नाही." ती उठली आणि घरातून सब्बल घेऊन आली.

पहिल्या घावाला टाइल फुटली, दुसऱ्या घावाला वस्ती गोळा झाली. उत्तमराव धावत आले. "माय, देवाले हात लावू नको! सांगून ठेवतो!"

तिनं सब्बल थांबवली नाही. "देव असन तं मले झोडपून काढन. भोक असन तं सांगन. काय हाये ते आज होऊन जाऊ द्या." तिला धरायला कुणी पुढे झालं नाही; शेंदराला सब्बल लागत असताना मधे जायची कुणाची हिंमत नव्हती. मीही जागची हलले नाही.

पाचव्या का सहाव्या घावाला दगड कलंडला.

ओट्यावर साचलेलं कुंकू, हळद, गुलाल, वाळकी फुलं, सगळं एकदम वर उठलं. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. आणि त्या थिजलेल्या उन्हात तांबडा खांब माणसाच्या उंचीच्या वर सरळ चढत गेला, तिथं फुटला, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर, तोंडांवर हळूहळू बसत राहिला. खालून घुमल्यासारखा आवाज येत होता. एक पोर रडायला लागलं. उत्तमराव हात जोडून मटकन खाली बसले.

मथुरामाय तोवर पळत सुटली होती. तांबड्या तोंडाची, पदर सुटलेली, एकेकीचं नाव घेत. "वंदना! कुसुम! निघा वं, निघा!" शेडनेटमधल्या बायका तिला पाहूनच घाबरून बाहेर आल्या असतील. अकराच्या अकरा आल्या. शेवटचीला तिनं दंडाला धरून ओढत आणलं.

आभाळ पश्चिमेकडून जांभळं झालं. तासाभरात गारा आल्या, आवळ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. शेडनेट आख्खं उचललं गेलं आणि उलटं पडलं. पाइप जमिनीत तिरपे घुसले होते, बायका जिथं वाकून उभ्या असतात बरोबर त्या सऱ्यांत. बियाण्याच्या कांद्याचे पांढरे गोंडे चिखलात गेले. गहू झोपला. वर्षाचं पीक अर्ध्या तासात संपलं, माणूस एकही नाही.

मला वाटलं होतं, गाव तिच्या पाया पडेल. किती भाबडी मी!

तिसऱ्या दिवशी वंदना मला दळणाच्या चक्कीवर भेटली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "बाई, आमी वाचलो हे खरं. पन तिनं देव फोडला नसता तं गारा आल्याच नसत्या ना?"

बारा वाजता देव फोडला, दीड वाजता गारा. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. याहून पक्का पुरावा कोणता हवा? मी वर्गातली बाटली नि फुगा आणून तिला हवेचा दाब समजावला. तिनं शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "शाळेत ठीक हाये बाई हे."

गाव मथुरामायशी बोलायचं थांबलं. भांडण नाही, शिवी नाही. हापशावर ती आली की बायका घागर तिथंच ठेवून बाजूला व्हायच्या. चैत्रात तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तिच्या मेथीला गिऱ्हाईक उरलं नाही. बोअर उघडाच राहिला. ना कुणी पूजा केली, ना कुणाची पुन्हा बुजवायची छाती झाली. माणसं तो वाटेचा तुकडा सोडून वळसा घालून जायची. तिनं नवी चिंधी बांधली. एवढ्या मोकळ्या जागेत ती एकटीच होती, आता स्पष्ट दिसायची.

मला राग यायचा, गावाचाही आणि माझाही. एकदा म्हटलं, "जा ना लेकीकडे. कशाला राहता इथं?"

"इथचं हवामान तिथून कसं दिसन?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "सुमन असती तं बोलली असती का वं माह्याशी?" मी म्हटलं, बोलली असती. तिनं मान हलवली, पण माझ्यावर विश्वास ठेवला असं नाही वाटलं.

पुढच्या भाद्रपदात माझी बदलीची ऑर्डर आली. निघायच्या दिवशी सकाळी मी पिशव्या बांधत होते. क्रॉसिंगच्या बायका नव्या शेडनेटकडे निघाल्या होत्या, तोंडं दुसरीकडे करून. मथुरामाय दारात आली आणि त्यांच्या पाठींकडे पाहत मोठ्यानं, कुणाचंही नाव न घेता, म्हणाली, "आज दोनाच्या आत घरी या." एकीनंही मान वळवली नाही. चाल बदलली नाही. त्या गेल्या. 

माझी बस दुपारची होती, आणि तीही उशिरा आली. मी फाट्यावर बसले होते. तिथून वस्तीचं तोंड सरळ दिसतं. ऊन कडकडीत. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मोबाइलवर पाहिलं, तोही कोरडंच म्हणत होता.

पावणेदोनला त्या आल्या. एका ओळीत, डबे काखेत, मजुरीचा अर्धा दिवस सोडून. अकरा जणी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, वंदनासुद्धा नाही. त्या निरभ्र उन्हात झपझप पावलं टाकत आपापल्या दारांकडे चालल्या होत्या, आणि एकदाही वर बघत नव्हत्या.

वस्तीच्या तोंडाशी मथुरामाय उभी होती. रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. कुणाला तिच्याकडे पाहावं लागू नये, कुणाला ऐकल्याचं कबूल करावं लागू नये, म्हणून. तिच्या पाठीमागून एकेक पाऊल जात होतं आणि प्रत्येक पावलागणिक तिची मान किंचित, अगदी किंचित, हलत होती. शेवटची आत गेल्यावरही ती तशीच उभी राहिली. मग तिनं भिंतीवर हात टेकला आणि हळूहळू खाली बसली, दोन्ही पाय पसरून.